तीन श्वास

“आरते, डावीकडं सरक! अजून! अजून जरा!”

यास्मिन माझ्या उजव्या हाताला होती. मी सरकले. टाचेखाली फक्कीची रेषा आली तेव्हा कळलं, आता मागं जायला जागाच उरलेली नाही. ती रेषा ओलांडून त्यांनी चेंडू जमिनीला टेकवला की आमचं संपलं.

सामना रग्बीचा होता, सात-सात जणींचा. राज्य स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठीचा. समोर यजमान शहराचा संघ. त्यांचे बारा गुण, आमचे दहा, आणि घड्याळात जेमतेम एक मिनिट. गेली दोन मिनिटं चेंडू त्यांच्याकडेच होता. त्या येत होत्या, आम्ही पाडत होतो. परत येत होत्या, परत पाडत होतो. माझा डावा कान सोलवटला होता. आमच्यातली एक जण उठता उठता ओकली, तोंड पुसलं आणि तशीच जागेवर जाऊन उभी राहिली.

कडेला हत्तरकी सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. ते ओरडत नव्हते. सर ओरडायचे थांबले की आम्हाला जास्त भीती वाटायची.

“दमल्यात त्यापण,” यास्मिन म्हणाली. “आता येतील ते सरळच येतील. तू पाड. मी बघतो.”

आमच्या गडहिंग्लजकडे मुलीसुद्धा ‘येतो, जातो, बघतो’ असंच बोलतात. बाहेरच्या लोकांना हसू येतं. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी पोलीस खात्यात आहे. खात्यात सगळ्यांना माहीत आहे की मी खेळातून भरती झाले, आणि कधी चहाच्या वेळेला कुणी विचारतंही, “रग्बी म्हणजे काय हो मॅडम? ते अंगावर धावून जायचं तेच ना?” मी हो म्हणते.

अकरावीत होतो तेव्हाची सुरुवात. आमचं गाव फुटबॉलचं. पोरं सकाळ-संध्याकाळ मैदान अडवून बसलेली. मुलींना तिथं पाय ठेवायला मिळत नव्हता. हत्तरकी सर लष्करातून निवृत्त होऊन कॉलेजात खेळाचे शिक्षक म्हणून आले होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलींना गोळा केलं आणि म्हणाले, “पोरं फुटबॉल खेळत्यात न्हवं? आपण पोरांना येत न्हाई ते खेळायचं.” दुसऱ्या दिवशी ते अंड्याच्या आकाराचा एक चेंडू घेऊन आले. आम्ही बावीस जणी गेलो होतो. महिनाभरात बारा उरलो. त्यात मी आणि यास्मिन नदाफ.

यास्मिनचे वडील गादी-उशीवाले. बाजारपेठेत त्यांचं लहानसं दुकान होतं, आत कायम कापसाचं धुकं. सराव बघायला ते एकदाच आले, आणि मुली एकमेकींना अंगानं पाडताहेत हे बघून घाबरून परत गेले. पण आठ दिवसांनी त्यांनी जुन्या गाद्यांचा कापूस गोणपाटात ठासून भरून माणसाच्या उंचीच्या चार पिशव्या पाठवून दिल्या. “पिशवीला धडका म्हणावं. पोरीबाळीला कशाला?” असा निरोप होता. आम्ही त्या पिशव्यांना धडकून धडकून टॅकल शिकलो.

आम्हा दोघींना हवं होतं एकच. पोलीस भरती. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत नंबर आला की खेळाडूंच्या राखीव जागांमधून फॉर्म भरता येतो, हे सरांनी सांगितलं होतं. माझ्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. यास्मिनच्या वडिलांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, “या वर्षी नंबर आला तर पुढं. न्हाई तर बास.”

सरांचं सगळं शिकवणं एकाच गोष्टीभोवती फिरायचं. या खेळात ज्या खेळाडूला पाडलं, तिनं चेंडू लगेच सोडायचा असतो. त्या घटकेला जी पायांवर उभी आहे ती वाकून तो उचलू शकते. म्हणजे पाडलं कुणी, यापेक्षा पाडल्यावर चेंडूवर आधी हात कुणाचा, याला किंमत. आमच्या संघात पाडण्याचं काम माझं आणि हिसकावण्याचं यास्मिनचं. ती बुटकी होती, पण पायात जोर असा की तिघी मिळून ढकलत तरी हलायची नाही. चेंडूवर हात बसला की ती एकच शब्द ओरडायची, “उलट!” तो ऐकला की आम्ही सगळ्यांनी तोंड फिरवायचं. बचाव संपला, हल्ला सुरू.

“किती वेळ असतोय आपल्याकडं?” सर विचारायचे.

“तीन श्वास!” आम्ही ओरडायचो.

“का?”

“कारण त्या चुकीच्या जागी असत्यात!”

सरांचं म्हणणं असं की, आपल्यावर चाल करून आलेला संघ सगळा पुढं आलेला असतो. मागं कुणी नसतं. चेंडू गेला हे त्यांना कळायला एक श्वास, पटायला एक, आणि वळायला एक. चौथ्या श्वासाला ती भिंत परत उभी. “म्हणून त्या तीन श्वासांत खाली बघायचं न्हाई,” सर म्हणायचे. “कोण पडलं, कुणाला लागलं, कोण रडतंय, काय बघायचं न्हाई. मोकळं मैदान बघायचं आणि सुटायचं.”

मी पाडायचे, यास्मिन हिसकावायची, मी तोवर उठून तिच्या मागं यायचे, ती चेंडू पायांमधून मागं ढकलायची आणि मी सुटायचे. नदीकाठच्या माळावर आम्ही हे किती वेळा केलं असेल याला गणती नाही. ती चेंडू नुसता ठेवायची नाही, माझ्या हातात कोंबायची. माझ्या तळहातांना ते ठाऊक झालं होतं.

एकदा आमच्यातली एक जण मानेवर पडली तेव्हा मात्र सरांनी शिट्टी फुंकून सगळं थांबवलं होतं. तिला काही झालं नव्हतं. पण सरांनी आम्हाला गोल बसवून सांगितलं, “मानेला लागलंय असं वाटलं तर कुणी हात लावायचा न्हाई. पाणी न्हाई, उठवायचं न्हाई. मला हाक मारायची. मी डोकं धरणार, मग बाकीचं.” एवढं गंभीर आम्ही त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तर ते शेवटचं मिनिट.

यास्मिन म्हणाली तसंच झालं. त्यांची चार नंबरची, उंच मुलगी मागं थांबली होती. चेंडू तिच्या शेजारणीकडे आला आणि ती शेजारीणच सरळ आमच्या दोघींच्या मधे घुसली. मी खाली वाकले, तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि गाल तिच्या मांडीला दाबून धरला. ती पडली. मी तिच्याखाली. तोंडात माती.

“उलट!”

मी वर बघितलं. यास्मिन पाय फाकून उभी, कंबरेत वाकलेली, दोन्ही हात चेंडूवर. पडलेली मुलगी सोडत नव्हती, यास्मिन ओढत होती. मग ती चार नंबरची आली. धावत, खांदा खाली घालून, तिला बाजूला उडवायला. नियमात होतं ते. वाकलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. मला आवाज ऐकू आला, ओल्या कपड्याची घडी दगडावर आपटल्यासारखा.

यास्मिन आडवी झाली, पण आमच्या बाजूला झाली. चेंडू तिच्याजवळच होता.

मी उठले, वळसा घालून तिच्या मागं आले, वाकले, चेंडू उचलला. पंचांचा हात खेळ चालू असल्याची खूण करत होता. समोर बघितलं. त्यांच्या सहाजणी आमच्या रेषेजवळ, सातवी कुठं तरी उजवीकडं. मधे सगळं मैदान रिकामं, हिरवं-तांबडं, पार पलीकडच्या खांबांपर्यंत.

मी सुटले.

त्या धावण्याविषयी मला फार सांगता येत नाही. कडेनं हत्तरकी सर माझ्याबरोबर पळत होते, पन्नाशीचा माणूस, शर्ट बाहेर आलेला, “जा, जा, जा पोरी!” म्हणत. पंच मागं पळत होते. आमच्या पाचजणी मागं पळत होत्या. बाकावरच्याही उठून पळत सुटल्या. सगळ्या मैदानाचं तोंड एका बाजूला झालं होतं. सातवी मला अर्ध्यावर आडवी आली, मी हातानं तिचं डोकं बाजूला सारलं. खांबांच्या मधोमध जाऊन मी चेंडू जमिनीवर टेकवला आणि त्याच्यावरच पालथी पडले.

पंधरा-बारा. पोरी माझ्या अंगावर येऊन पडल्या. सर गुडघ्यांवर बसले होते, रडत होते. वेळ संपली होती. चेंडू टेकवल्यावर जादा गुणांसाठी मिळते ती किक तेवढी मारायची राहिली होती. ती कुणी मारली, गेली की चुकली, आठवत नाही.

“यास्मिन कुठाय?” कुणीतरी विचारलं.

मी उठून मागं बघितलं. मैदानाच्या त्या टोकाला, कडेच्या खुर्च्यांजवळ, दोन-तीन माणसं उभी होती. स्पर्धेच्या कामाला आलेले दोघं स्वयंसेवक. चांगली माणसं होती. मुलगी पडलीय, पुढचा सामना लागायचाय, म्हणून एकानं खांद्याखाली आणि दुसऱ्यानं पायांखाली हात घालून तिला उचललं होतं आणि सावलीत आणून खुर्चीवर बसवलं होतं. तिची मान छातीवर पडली होती. एक जण तिला ग्लासानं पाणी पाजत होता. पाणी हनुवटीवरून खाली येत होतं.

सर पळाले. एवढ्या लांबून ते ओरडत गेले, “हात लावू नका! ए, हात लावू नका!” पण तोपर्यंत हात लावून झाला होता.

दवाखान्यात संध्याकाळ झाली. आम्ही सगळ्या जणी खेळाच्याच कपड्यांत, गुडघ्यांवर माती वाळलेली, लाकडी बाकांवर बसलो होतो. गळ्यात पदकं होती. कुणीतरी आधी काढलं, मग सगळ्यांनी काढून खिशात घातली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा सर उठून उभे राहिले, लष्करी शिस्तीत, हात सरळ खाली.

“मानेचा मणका सरकलाय,” डॉक्टर म्हणाले. “आतल्या मज्जारज्जूला मार बसलाय. हातापायांत आत्ता काही नाही.”

“येईल का परत?”

“आपण शस्त्रक्रिया करू. पण मी तुम्हाला आशा लावत नाही.”

“पडल्या पडल्या झालं का हे? का उचलताना?”

डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, पण तसंच काहीसं केलं. “सांगता येणार नाही. धक्क्यात थोडं झालं असेल, हलवल्यानं वाढलं असेल. सगळं धक्क्यातच झालं असेल. जागेवर, डोकं धरून ठेवलं असतं तर कदाचित... कदाचितला काही अर्थ नसतो हो.”

ते गेल्यावर सर माझ्याशेजारी येऊन बसले.

“मी तुझ्यासंगं पळालो, आरती,” ते म्हणाले. “मी मागं बघायला पायजे होतं. माझं काम होतं ते. पोरगी पडली, उठली का न्हाई, एकदा बघायला पायजे होतं.”

त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

“तू चेंडू घेतलास तवा कशी होती? काय बोलली का?”

“नाही सर.”

“शुद्धीत होती का?”

“माहीत नाही सर. मी बघितलं नाही.”

सरांनी मान हलवली. “खरं आहे,” म्हणाले. “मीच सांगितलेलं, बघू नका म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार नंबरची मुलगी आली, आईला घेऊन. प्राची नाव तिचं. साध्या कपड्यांत ती शाळकरी दिसत होती. तिला आत सोडलं नाही. व्हरांड्यात ती भिंतीला टेकून अशी काही रडायला लागली की तिच्या आईला आवरेना. “मी मुद्दाम नाही केलं,” एवढंच परत परत. यास्मिनचे वडील गावाहून रात्रीच आले होते. ते उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “खेळात होतंय बाळ. तू रडू नको. तुझी काय चूक?”

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “हिला जरा समजाव की तू.”

मी तिला समजावलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. पंचांनी शिट्टी मारली नाही म्हणजे नियमातच होतं, असं सांगितलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि जाताना म्हणाली, “तू किती चांगली आहेस.”

सरांनी संघ बंद केला. कॉलेजनं सांगितलं नव्हतं, त्यांनीच. चेंडू, शिट्ट्या, शंकू, सगळं कपाटात टाकून कुलूप लावलं. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून बेळगावकडं त्यांच्या गावी गेले.

प्रमाणपत्रं चार महिन्यांनी आली. बारा जणींची बारा. यास्मिनचंही होतं, तिसरा क्रमांक, नाव नीट लिहिलेलं. मी भरतीचा फॉर्म भरला. लेखी झाली, मैदानी झाली. आठशे मीटर पळायचं होतं; मी पहिली आले. घरच्यांनी स्थळं बघायची थांबवली. प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “यास्मिनकडं जाऊन ये. तिला दुसऱ्याकडनं कळायला नको.”

तोवर मी तिच्याकडं तीन-चारदा गेले होते, पण दरवेळी दुसऱ्या कुणाबरोबर. त्या दुपारी एकटी गेले.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ तिची कॉट होती. मान फिरवता येत होती, खांदे थोडे उचलता येत होते. त्याखाली काही नाही. केस बारीक कापले होते. मला बघून ती हसली.

“आलीस? लागली न्हवं नोकरी?”

“तुला कुणी सांगितलं?”

“पेढ्याचा वास आला की.” पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता. “भरव. अर्धाच दे, घशात अडकतंय.”

मी भरवला. तिच्या ओठाच्या कडेला लागलेला कण पुसला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. प्रशिक्षणाला कुठं जायचं, किती महिने, केस कापायला लावतात का. ती म्हणाली, “खाकी घालून ये एकदा. अब्बाला सॅल्यूट मार. घाबरतंय बघ कसं.” आम्ही हसलो. तिला हसताना धाप लागायची.

मग तिनं आईला हाक मारली. “अम्मी, आरतीला चहा करा. आलं घाला.”

चाची आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज येईपर्यंत यास्मिन गप्प राहिली. मग म्हणाली, “एक विचारतो. खरं सांग.”

“विचार की.”

“चेंडू घेतलास तवा मी बोलल्यालं तुला ऐकू आलं?”

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. तिचं बाकी काही हलत नसे, म्हणून तिचं बघणं फार जड असायचं.

“काय बोललीस?” मी विचारलं.

“तुला थांब म्हटलो. आरते थांब, हात कळंनात माझे, असं म्हटलो. मोठ्यानं न्हवतं येत. पण म्हटलो.”

“नाही गं,” मी म्हणाले. “केवढा दंगा चालला होता. काहीच ऐकू आलं नाही.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

तिनं डोळे मिटले आणि श्वास सोडला. लांब, बराच वेळ अडवून धरलेला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “दिवसभर पडून डोस्क्यात काय काय येतंय बघ. मला वाटायचं, ऐकून गेली असंल का ही? मग परत वाटायचं, न्हाई, आरती जाणार न्हाई. आता न्हाई येणार डोस्क्यात.”

चाचीनं चहा आणला. आलं भरपूर घातलं होतं.

मला ऐकू आलं होतं.

मी तिच्या मागं येऊन वाकले तेव्हा चेंडू तिनं माझ्या हातात कोंबला नाही. तो तिच्या हातांखाली नुसता पडला होता. मी ओढला तरी येईना, कारण तिचा उजवा हात त्याच्यावर आडवा होता, ओल्या फडक्यासारखा. त्या हाताला धरलेलं नव्हतं, सोडलेलंही नव्हतं. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर होतं. ती म्हणाली, “आरते, थांब. हात कळंनात माझे.” अगदी स्वच्छ. तिचा गाल मातीत होता आणि एक डोळा माझ्याकडं.

मी तिचा हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला ठेवला. हळूच ठेवला, एवढं आठवतं. मग चेंडू घेतला. एक श्वास तिथंच गेला होता. दोन उरले होते, आणि समोर सगळं मैदान मोकळं होतं.

मी हात वर केला असता तर पंचांनी शिट्टी मारली असती. सर बारा पावलांवर होते. ते आले असते, त्यांनी डोकं धरलं असतं. त्यानं काही झालं असतं की नाही, ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. आम्ही चौथ्या आलो असतो, एवढं मात्र नक्की.

प्रशिक्षण संपल्यावर मी खाकीत तिच्याकडं गेले. चाचांना सॅल्यूट मारला. ती खूप हसली. चाचांनी तिचं प्रमाणपत्र आतून आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं, आणि मला एकीकडे घेऊन विचारलं, “ह्याचं काय होतंय का बघ की पोरी. तू आता खात्यात हायस. बसून करायचं काम काय असंल तर. फोन धरायचं वगैरे.” मी बघते म्हणाले. फोन धरायलाही हात लागतो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

मी बघितलं नाही. कुठं बघायचं हेच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं नाही.

नंतर माझं जाणं कमी झालं. बंदोबस्त, बदली, माझं लग्न, मुलगी. फोनवर बोलायचो, चाची तिच्या कानाशी फोन धरायची. एकदा तिनं सांगितलं, पाठीला जखमा झाल्यात, भरत न्हाईत. एकदा सांगितलं, मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालाय. नेहमीच्याच आवाजात सांगायची. पुढचा प्रश्न माझ्या मुलीबद्दल असायचा.

सामन्यानंतर सहाव्या वर्षी, उन्हाळ्यात ती गेली. मी निवडणुकीच्या बंदोबस्तावर होते. रजा मिळून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता.

घरात पाहुणे होते. कॉट उचलून भिंतीला उभी केली होती. चाचांनी मला दुकानात गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. मी खाली बसायला लागले तर बसू दिलं नाही.

“तुमचे ते सर आल्ते काल,” ते म्हणाले. “हत्तरकी सर. लई म्हातारे दिसाय लागलेत. माझे पाय धरले त्यांनी. माझं चुकलं म्हणाले, मी मागं बघितलं न्हाई.”

“मग?”

“मग काय! मी उठवलो त्यांना. म्हटलो, सर, ह्यात कुणाचीच चूक न्हाई. माझी पोरगी स्वतः सांगायची. कुणी आलं, तुझं नाव काढलं, आरती पळाली, आरतीला नोकरी लागली असं कायबाय बोललं, की तिला खपायचं न्हाई. म्हणायची, आरतीला ऐकू गेलं न्हाई. ऐकू गेलं असतं तर ती जाग्यावर थांबली असती. चेंडू फेकून दिला असता म्हणायची.” चाचांनी डोळे पुसले. “पैज लावून सांगायची बघ. शेवटपर्यंत.”

आत कुणीतरी कुराण वाचत होतं. मला वाटलं, आता सांगावं. चाचा एकटे आहेत, दार लोटलेलं आहे. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात चाची पडदा सारून बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं.

“लांबनं आलीस,” ती म्हणाली. “उपाशी जाऊ नको. तिला आवडायचं न्हाई.”

मी ताट मांडीवर घेतलं. दोघं समोर बसून राहिली, मी खाते की नाही बघत. मी जेवले. चाचीनं परत भात आणला, मी नको म्हणाले नाही.